वळणावरच्या मालगाड्या

सेनगावच्या एका दवाखान्यात मी लॅबमध्ये काम करते. सोमवार ते शनिवार हिंगोलीहून बसने जायचं, लोकांचं रक्त काढायचं, काचपट्टी मायक्रोस्कोपखाली धरायची आणि संध्याकाळी परत यायचं. रविवार मात्र माझा असतो. त्या दिवशी मी स्कूटी काढते, पाण्याच्या दोन बाटल्या, भाकरी-चटणी आणि कॅमेरा पिशवीत टाकते आणि माळावर जाऊन मालगाड्यांचे फोटो काढते.

कॅमेरा जुना आहे. हिंगोलीतल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरने नवा घेतला तेव्हा त्याचा जुना मी घेतला. आधी पाखरांचे फोटो काढून पाहिले, पण पाखरं माझ्यासाठी थांबेनात. मग एकदा रेल्वे फाटकात अडकले होते. समोरून लांबलचक मालगाडी चालली होती. वेळ घालवायचा म्हणून मी डब्यामागून डब्याचे फोटो काढत राहिले. घरी येऊन मोठं करून पाहिलं तर एका डब्याच्या तांबूस पत्र्यावर कुणीतरी खडूने एक झाड काढलेलं होतं. झाडाखाली एक खाट, खाटेवर झोपलेला माणूस. कुठल्या यार्डात, कुणी, कधी काढलं असेल? पुढच्या पावसात ते पुसून जाणार होतं. त्या रात्री मी प्रत्येक डबा असा नीट पाहिला आणि तिथून नादच लागला.

पॅसेंजर गाडीचे फोटो मी काढत नाही. तिच्या खिडक्यांतून माणसं आपल्याकडे बघतात, हात हलवतात, आणि मग फोटो त्यांचा होतो. मालगाडी कुणाकडे बघत नाही. ती आपली कोळसा, खत, सिमेंट, नाहीतर तेलाच्या टाक्या घेऊन जात असते. दिवसभर माणसांशी बोलून, त्यांच्या सुया-दुखण्याचं ऐकून झाल्यावर मला तिचं ते न बघणं बरं वाटतं.

मी जाते तो माळ हिंगोलीपासून पाऊण तासावर आहे. तिथे पेरणीलायक जमीन नाही. मुरूम, काळे धोंडे, वाळून पांढरं पडलेलं कुसळी गवत आणि मधूनच एखादी बाभूळ. मार्चपासून पुढे तर हिरवं म्हणून काही उरत नाही. दुपारी अकरानंतर माणूस दिसत नाही, गुरंही दिसत नाहीत. रूळ तेवढे चमकत असतात. दूरवरून गाडी आली की आधी तिची चाकं दिसतच नाहीत. उन्हाच्या झळांवर इंजिन नुसतं थरथरत तरंगताना दिसतं, आणि बऱ्याच वेळाने ते जमिनीवर टेकतं.

मालगाडीला आपल्यासाठी वेळापत्रक नसतं. एका रविवारी सहा तास बसून मला एकच गाडी मिळाली होती, तीही रिकामी. पण वाट बघण्याचीही सवय होते. दगडावर छत्री अडकवून बसायचं. सिग्नलकडे लक्ष ठेवायचं. पाय दुखले की चार पावलं चालायचं.

फिरता फिरता दोन वर्षांपूर्वी मला एक वळण सापडलं. तिथे लाईन एका टेकाडाच्या पोटातून, कटिंगमधून बाहेर येते आणि लगेच मोठा वळसा घेते. रुळांपासून बऱ्याच लांब एक उंचवटा आहे. तिथे उभं राहिलं की इंजिन माझ्या समोरून पुढे जातं, तरी गाडीची शेपटी अजून टेकाडातून बाहेर येतच असते. सबंध गाडी एका फोटोत मावते, अशी आमच्या भागातली मला माहीत असलेली ती एकच जागा. मी तिथे दोन उन्हाळे गेले. शेवटी कोळशाच्या गाडीचा एक फोटो असा निघाला की तो मोठा करून घ्यावासा वाटला. स्टुडिओतून छापून आणला, घरी टेबलावर उघडला आणि आबांना हाक मारली.

आबा म्हणजे माझे वडील. तीस वर्षं ते याच लाईनवर गँगमन होते. रूळ बघायचे, गिट्टी ठोकायची, सांधे आवळायचे. पण घरात त्यांनी रेल्वेची गोष्ट कधी काढली नाही. रिटायर झाल्यावर तर नावच नको. पाच वर्षांपूर्वी आई गेली. माझं लग्न झालेलं नाही आणि त्यावर आता कुणी बोलतही नाही. घरात आम्ही दोघंच. मी माळावर जाते ते त्यांना माहीत होतं. एकदा एवढंच म्हणाले होते, "गाडीचा काय फोटू काढायचा? ती येती अन् जाती."

त्या दिवशी ते हात पुसत आले आणि फोटोकडे बघून तसेच उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हितं काहून उभी राहिलीस तू?"

"हितून सगळी गाडी दिसती आबा."

"कवापास्नं जाऊन राहिलीस?"

"दोन वर्सं झाली."

फोटो उचलून त्यांनी उजेडाकडे धरला. बोटाने कटिंगच्या तोंडापासून वळणापर्यंत हळूहळू जात राहिले, जणू कागदावरून चालून बघत होते. मग फोटो ठेवला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आवडला का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. मला वाटलं, फोटोत रुळाचं काहीतरी वाईट काम दिसलं असेल.

पुढचे आठ दिवस घरात कामापुरतं बोलणं होतं. रविवारी सकाळी मी स्कूटी पुसत होते तर आबा टोपी घालून, पायात बूट घालून तयार.

"मी येतो."

"ऊन लई असतंय आबा. तकलीफ होईल."

"उन्हाचं मला सांगू नको," ते म्हणाले आणि मागे बसले.

उंचवट्यावर पोचलो तेव्हा नऊ वाजले असतील. मी छत्री लावली. ते छत्रीखाली आले नाहीत. लाईनकडे तोंड करून उभे राहिले. आता लाईनवर विजेच्या तारा आल्या आहेत, खांब रोवलेत. ते खांबांकडे बघत होते, कटिंगकडे बघत होते, पण जिथे खरं बघायचं होतं त्या वळणाकडे बघत नव्हते, हे मला नंतर समजलं.

साडेदहाच्या सुमाराला कटिंगमधून इंजिनाचं तोंड बाहेर आलं. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि दोन पावलं पुढे सरकले. लगेच पाठीमागून ओरडणं ऐकू आलं, "मागं हो! मागं सर!" मी रुळापासून इतकी लांब होते की गाडी आडवी पडली तरी मला धक्का लागला नसता. पण आबांचा आवाज असा होता की मी कॅमेरा खाली घेतला. ते हात वर करून उभे होते. डोळे मिटलेले. गाडी सगळी निघून जाईपर्यंत ते तसेच होते. फोटो राहिलाच.

गाडी गेल्यावर ते धोंड्यावर बसले. पाणी दिलं, ते प्यायले. मग मी काही न विचारताच ते बोलायला लागले.

मोठी लाईन, म्हणजे ब्रॉडगेज, व्हायच्या आधीची गोष्ट. त्यांच्या गँगमध्ये त्यांचा एक जोडीदार होता, कुरुंद्याचा. दोघं एका डब्यात जेवायचे, एका बिडीचे झुरके घ्यायचे. त्या दिवशी याच वळणावर सांधे खोलून तेल द्यायचं काम चाललं होतं. कटिंगमुळे येणारी गाडी दिसत नाही, म्हणून एकाने वरच्या बाजूला शिट्टी आणि लाल झेंडा घेऊन उभं राहायचं. त्या दिवशी ती पाळी आबांची होती. वारा उलटा होता, गरम. बाभळीच्या सावलीत ते टेकले.

"डोळा लागला," आबा म्हणाले. "किती येळ, मला म्हाईत न्हाई. उठलो तवा इंजिन पुढून गेल्तं. मी वाजवली शिट्टी. पण गाडी पुढून गेल्यावर वाजवली."

बाकीचे उडी मारून बाजूला झाले. जोडीदाराचा डावा पाय गुडघ्याखाली गेला.

"मग तुमच्यावर..."

"काही न्हाई झालं. दवाखान्यात त्याचा जबाब घेतला. त्यो म्हणला, शिट्टी वाजली व्हती, मला ऐकूबी आली, मीच पाना उचलायला मागं फिरलो. साहेबानं मला इचारलं, बराबर हाय का? मी मान हालवली."

त्यांनी पाण्याची बाटली माझ्याकडे परत दिली.

"त्यानं माझी नोकरी वाचवली. अन् मी त्याला तोंड दाखवलं न्हाई. दुसऱ्या गँगमधी बदली मागून घेतली. वीस-बावीस वर्सं झाली."

मी लहान असतानाचं आठवून पाहत होते. कधी एखादा दिवस वेगळा होता का, आबा कधी रडले होते का? काही आठवलं नाही. आमच्या घरात ती गोष्ट इतकी वर्षं राहिली आणि मला तिचा वासही आला नव्हता. आणि मी जागा शोधून शोधून बरोबर तिथेच दोन उन्हाळे उभी राहिले होते. चांगली दिसते म्हणून.

"ते काका आता कुठं असतात?" मी विचारलं.

"कुरुंद्यालाच. हलकं काम देलं व्हतं हापिसात, तिथूनच रिटायर झाला, असं कुणीतरी सांगितलं."

"जायचं का?"

आबा उठून स्कूटीकडे चालू लागले. दोन दिवसांनी जेवताना म्हणाले, "त्यो फोटू घे संगं."

पुढच्या रविवारी आम्ही बसने वसमतला आणि तिथून जीपने कुरुंद्याला गेलो. हळदीचे दिवस होते. गावात शिरताच उकडलेल्या हळदीचा वास, आणि जिथे मोकळी जागा मिळेल तिथे हळद वाळत घातलेली. घर विचारलं तर एका बाईने, "एका पायाचे रेल्वेवाले व्हय?" असं विचारून वाट दाखवली. आबांनी ते ऐकलं आणि चालताना ते माझ्या मागे राहिले.

काका अंगणात पोत्यावर बसून वाळलेली हळद निवडत होते. लाकडी पाय काढून भिंतीला टेकवलेला. त्यांनी मान वर करून आधी मला पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं.

"जय भीम," आबा म्हणाले.

"जय भीम, जय भीम," काका म्हणाले आणि डोळे बारीक करून बघत राहिले. "अरे तू! बस ना. तिथं काहून उभा राहिलास? अगं ए, बाहेर ये, बघ कोण आलंय."

काकू बाहेर आल्या. हात पदराला पुसत आल्या होत्या, ते पुसणं थांबलं. त्यांनी पाणी आणलं, मला दिलं, आबांना दिलं, आणि चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

थोडा वेळ पिकांचं, पाण्याचं बोलणं झालं. आई गेल्याचं आबांनी सांगितलं. "आमाला कळवलं न्हाईस रे," काका म्हणाले. मग आबा एकदम म्हणाले, "मला एक सांगायचंय. त्या दिवशी शिट्टी वाजली नव्हती."

काकांनी हातातली हळकुंडं खाली ठेवली. "वाजली व्हती."

"न्हाई वाजली. माझा डोळा लागला व्हता."

"अरे वाजली व्हती म्हणतो ना! मला ऐकू आली. पाना राहिला म्हणून मी फिरलो."

"तू मला वाचवायला खोटं बोललास."

"मी काहून खोटं बोलू? माझा पाय गेल्ता, मला तुझी काय पडली व्हती?" काका चिडले. "माझ्या कानानं ऐकलेलं मला म्हाईत न्हाई अन् तुला म्हाईत!"

दोन म्हातारी माणसं एकमेकांवर आवाज चढवून भांडत होती. दोघंही दोष स्वतःकडे ओढत होती. मला हसू येईना आणि रडूही येईना. मी काकांच्या चेहऱ्याकडे बघत होते. कुठे पापणी लवते का, कुठे डोळा चुकवतात का? काही सापडलं नाही. ते खरं बोलत असतील. किंवा इतकी वर्षं तेच सांगून त्यांना खरंच शिट्टी ऐकू येत असेल. किंवा आबांनाच, दोष डोक्यावर घेऊन, झोप लागल्याचं आठवत असेल. रोज मी काचपट्टीवर जंतू आहे की नाही ते सांगते. इथे मला काहीच सांगता येत नव्हतं.

मग काकू चौकटीतून बोलल्या.

"शिट्टी वाजली का न्हाई, मला काही देणंघेणं न्हाई. पाय गेला त्यो गेला." त्या आबांकडे बघत होत्या. "पण भाऊजी, तुमी आला न्हाई. हा माणूस तीन म्हैने दवाखान्यात पडून व्हता. दारात पाऊल वाजलं की इचारायचा, त्यो आला का? घरी आणलं तरी तेच. सणाला तेच. पोरीच्या लग्नाला मी स्वतः पत्रिका धाडली. त्याचा राग हाये मला. पायाचा न्हाई."

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. पत्रिका मिळाली होती, असं ते हळूच म्हणाले. काकूंनी ऐकलं. "मग?" असं त्यांनी विचारलं. आबा तसेच खाली बघत बसले. त्यांचे खांदे हलायला लागले. काका सरकत सरकत पोत्यावरून पुढे आले आणि आबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. पिवळा हात. आबांच्या धोतरावर हळदीची पाचही बोटं उमटली.

काकू आत गेल्या. मला वाटलं, आता आम्हाला जायला सांगतील. आतून तव्याचा आवाज यायला लागला. मी मदतीला गेले तर त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "तिथलं ताट घे. तुझ्या बापाला लसूण चालतो ना अजून?"

जेवण झाल्यावर आबांनी मला खुणावलं. मी पिशवीतून फोटो काढला. काकांनी तो मांडीवर ठेवला आणि बराच वेळ पाहिला. मला भीती वाटत होती. ज्या जागेवर त्यांचा पाय गेला, ती जागा मी छान उजेडात, गाडीच्या डौलासह त्यांच्यापुढे ठेवली होती.

"बाभूळ तोडली व्हय?" त्यांनी पहिलं विचारलं.

"तारा आल्या तवा तोडली असंल," आबा म्हणाले.

"आन् हे किती डबे?"

"एकोणसाठ," मी सांगितलं. मी मोजले होते.

"आपल्या टायमाला एवढी कुठं जायची!" काकांनी फोटो डोळ्याजवळ नेला. "लाईन चांगली ठेवलीय पोरांनी. वळण बघ कसं गोल बसलंय. कुठंच मोडलेलं न्हाई." मग मला म्हणाले, "पोरी, तुला म्हाईत हाय का, हे वळण पहिल्यांदा आमीच दोघांनी बसवलं व्हतं नीट. पावसात खचलं व्हतं. तुझ्या बापाचा डोळा लई बारीक. रुळावर गाल ठेवून बघायचा अन् सांगायचा, अर्धा बोट आत घ्या."

मी आबांकडे पाहिलं. आमच्या घरात हेही कधी कुणी सांगितलं नव्हतं.

निघायच्या आधी मी दोघांचा फोटो काढला. काकांनी लाकडी पाय लावून घेतला, कारण बसून फोटो नको म्हणाले. दोघं भिंतीपुढे उभे राहिले, ओळखपत्राला उभं राहतात तसे ताठ. मी "जरा हसा" म्हटलं तर कुणी हसलं नाही. ऐन क्षणी काकू हळदीने भरलेलं सूप घेऊन मधून गेल्या. तोच फोटो मी ठेवला आहे. त्यात त्यांचा पदर धूसर आलाय, आणि त्या पदराच्या दोन्ही बाजूंना दोन म्हातारे कॅमेऱ्याकडे न बघता त्यांच्याकडे बघतायत. कोळशाच्या गाडीचा फोटो काकांनी ठेवून घेतला.

मी अजूनही माळावर जाते. त्या वळणावरही जाते. आधी वाटलं होतं, आता तिथे उभं राहवणार नाही. पण गाडी कटिंगमधून बाहेर आली की माझा डोळा अजूनही आधी तिच्या लांबीवरच जातो, मग उजेडावर, आणि बाकीचं सगळं नंतर आठवतं. यात माझं काही चुकतंय का, याचा मी विचार केला आहे. उत्तर आलेलं नाही. एवढं मात्र झालंय की फोटो काढून झाल्यावर मी कॅमेरा खाली ठेवते आणि शेवटचा डबा जाईपर्यंत नुसत्या डोळ्यांनी बघते.

आबा आता महिन्यातून एकदा एकटेच कुरुंद्याला जातात. तिथे ते दोघं काय बोलतात, मला सांगत नाहीत. मीही विचारत नाही. एवढं कळतं की शिट्टीचं भांडण मिटलेलं नाही, कारण परत आल्यावर ते कधी कधी स्वतःशीच मान हलवत "न्हाईच वाजली" असं पुटपुटतात. पण जेवतात चांगले. आणि ते तिथून परत निघाले की दुपारी मला लॅबमध्ये काकूंचा फोन येतो. जय भीम नाही, कशी आहेस नाही. त्या फक्त विचारतात, "आत्ताच बसलेत बशीत. तू घ्यायला जाशील ना स्टँडवर?" मी हो म्हणते, आणि हातमोजे चढवून पुढच्या माणसाला आत बोलावते.